दुरुस्तीची दुसरी वही

५ जानेवारी १९७६, सोमवार

आज पुन्हा तेच. एका नटासाठी नऊ ओळी! पुंजाजीनं दुरुस्तीच्या वहीत लिहिलेलं जसंच्या तसं इथं उतरवतो, म्हणजे गावंडे उगाच चिडतो असं माझं मलाच वाटायला नको.

"सात नंबरची मशीन सकाळपासून कुरकुरून राह्यली. भागिरथाबाई म्हणे, आवाज वेगळा येते. मी कान लावला. मले बी वाटलं. पाह्यलं तं नट ढिला. कसला. आवाज कमी झाला पन गेला नाही. मले वाटते नटाचं कारन नाही, आतमंदी काही हाय. दुपारी ऊन चढल्यावर जास्त येते. पाहू."

पाहू म्हणे! वहीत 'पाहू' लिहितात का? सगळं तांबड्या पेन्सिलीनं खोडलं आणि खाली नमुना लिहिला: मशीन ७ – नट कसला – ढिला होता – पुंजाजी.

काय केलं, का केलं, कोणी केलं. एका कामाला एक ओळ. दोन कामं एका ओळीत कोंबायची नाहीत. सांगून सांगून वर्ष झालं. नोव्हेंबर ७४ मध्ये मी या कामरगावच्या जिनमध्ये सुपरवायझर म्हणून आलो तेव्हा दुरुस्तीची नोंद म्हणजे भिंतीवर कोळशाच्या रेघा. अमुक मशीनचा रोलर कधी बदलला विचारलं तर उत्तर काय, "मांगच्या मोठ्या पान्याच्या टायमाले." कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या चोवीस मशिनी, आणि एकीचाही इतिहास कोणाला सांगता येत नव्हता. वही मी सुरू केली. नियम मी केले.

पुंजाजी माणूस वाईट नाही. फिटर म्हणून त्याच्या हाताला तोड नाही. धनजहून रोज सायकलवर येतो. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, बौद्ध झाल्यावर गावच्या विहारातल्या वर्गात बसून. त्यामुळे लिहायला मिळालं की थांबत नाही. मला कळतं ते. पण वही ही वही आहे.

९ जानेवारी

संध्याकाळी पुंजाजी तोंडी सांगायला आला, सात नंबरचं. मी म्हटलं, वहीत लिही, एका ओळीत. "एका ओळीत नाही मावत, साहेब." मग विचार नीट केलेला नाही, असं म्हटलं त्याला. गेला मान हलवत.

घरी हीही चेष्टा करते. आज भाजीत मीठ जास्त झालं म्हणालो, तर म्हणे, "लिवा ना तुमच्या वहीत. भाजी – खारट – हात सैल – गोमती." हसू आलं. पण बघा, तिलासुद्धा नमुना पाठ झाला! मग या लोकांना का होत नाही?

१५ जानेवारी, गुरुवार

आजचा दिवस चांगला. पूनमचंद शेठ तिळगूळ द्यायला स्वतः जिनमध्ये आले. सगळ्यांना एकेक लाडू. मग ऑफिसात बसून वही चाळली, शांतपणे, पानामागून पान. "बबनरावजी, ये हुई ना बात. मले एका नजरेत सारं दिसते. आपल्याले काम पाह्यजे, कहानी नाही पाह्यजे."

त्यांच्या अनसिंगच्या जिनमध्येही हीच वही लावायची आहे. होळीनंतर. दोन्हीकडचं काम माझ्याकडे. एवढं बोलले आणि उठले. सध्या जिकडेतिकडे भिंतींवर शिस्तीच्या घोषणा रंगवताहेत, शेठही त्याच तालात आहेत. माझ्या पथ्यावर पडलं.

दौलतरावाला पहिल्यांदा सांगितलं. तो प्रेस खात्याचा मुकादम, गाठी बांधण्याचं काम त्याच्याकडे. या जिनमध्ये माझा मित्र म्हणावा असा तो एकच. रोज चारला आम्ही त्याच्या खात्याच्या पायरीवर बसून चहा पितो. माझे नियम पहिल्यांदा त्यानंच उचलले. आज पाठीवर थाप मारली. "तुमी अनसिंगले गेल्यावर आमाले विसरू नका म्हंजे झालं."

२४ जानेवारी, शनिवार

पूर्ण आठवड्यात एकदाही तांबडी पेन्सिल उचलावी लागली नाही! एकूण एक ओळ नमुन्याप्रमाणे. पुंजाजीचीसुद्धा. 'मशीन ४ – रोलर घासला – गुळगुळीत झाला होता – पुंजाजी.' किती वेळा वाचलं कोणास ठाऊक. वर्षभर डोकं फोडल्याचं सार्थक झालं. माणूस शिकतो. वेळ लागतो, पण शिकतो.

३१ जानेवारी

याही आठवड्यात एक खोड नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सात नंबरच्या मशीनचं बेअरिंग धरलं, फिरेनासं झालं. पट्टा तुटून उडाला, तो चंपाबाईच्या खांद्यावर बसला. मशीनला कापूस लावत होती बिचारी. हाड मोडलं नाही, पण खांदा काळानिळा झाला आहे. दवाखान्यात नेऊन आणली, आठ दिवस घरी बसायला सांगितलं. "डोक्शाले लागलं असतं तं?" भागिरथाबाई मला विचारत होती.

मग वही उघडली. ही वही याच कामासाठी तर आहे. सात नंबरच्या नोंदी एकाखाली एक काढल्या. शेवटची अशी: १० फेब्रुवारी, मशीन ७ – बेअरिंगला तेल घातलं – कोरडं होतं – पुंजाजी.

दहा तारखेला सात नंबर बंद होती. मीच साफसफाईसाठी बंद ठेवायला लावली होती, झाकण काढून सगळी उघडी पडली होती. उघड्या मशीनला कोरडं म्हणून तेल कोण घालतं? आणि दहा तारखेला पुंजाजी तरी कुठे होता? मेहुण्याच्या लग्नाला गेला होता. रजेचा अर्ज माझ्या खणात आहे.



१४ फेब्रुवारी, शनिवार

दुपारच्या सुट्टीत वही दौलतरावाकडे असते, म्हणून आज काहीतरी निमित्त काढून साडेबारालाच प्रेस खात्यात गेलो. दौलतराव मांडीवर वही घेऊन बसलेला. माझी वही! समोर कोणी नाही. एकटाच लिहीत होता, भराभर, मधूनमधून पेन बदलून. गुरुवारच्या ओळी, शुक्रवारच्या ओळी. कधी निळी शाई, कधी काळी. गुडघ्याखाली एक चिठ्ठी दाबलेली. ती मी ओढून घेतली. वीस ओळी होत्या तिच्यात, तयार. नट कसला, ढिला होता. तेल घातलं, कोरडं होतं. रोलर घासला, गुळगुळीत झाला होता. फक्त मशीनचा नंबर आणि नाव घालायचं.

म्हणजे महिनाभर माझी वही हा एकटा लिहीत होता. आणि मी त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचत होतो, खूश होऊन!

मला वाटलं लाजेल. नाही लाजला. "तुमाले जसं पाह्यजे तसं देऊन राह्यलो, बबनराव. थ्या लोकायचं लिवलेलं तुमी खोडता, थे लोक चिडतात. मधात मले तरास. म्हून मीच लिवून टाकतो. तुमी खूश, थे खूश."

मी म्हटलं, आणि चंपाबाई? तेव्हा मात्र खाली पाहिलं त्यानं.

केसानं गळा कापला. दुसरा शब्द सुचत नाही. बाकीच्यांचं एक वेळ समजू शकतो, पण रोज चारला माझ्यासोबत चहा पिणारा हा माणूस! दुपारी खोटं लिहायचं आणि चारला माझ्याच शेजारी बसून विचारायचं, काय बबनराव, या आठवड्यात पेन्सिल नाही चालली? विचारलं होतं त्यानं. आठवतं मला. आणि मी हसलो होतो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज सगळ्यांना एकत्र उभं करून विचारलं. खरं काम कुठे आहे? सात नंबरला गेल्या महिन्यात खरोखर काय काय केलं? शेवटी भागिरथाबाईच म्हणाली, "थे आमच्या वहीत हाय ना सारं."

एवढं बोलली आणि पदर तोंडाला लावला. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

आमच्या वहीत! म्हणजे दुसरी वही आहे. पुंजाजीच्या हत्यारांच्या पेटीत असते म्हणे. सगळ्यांना माहीत. कापूस लावणाऱ्या बायांना माहीत, गाठी उचलणाऱ्या हमालांना माहीत, फाटकावरच्या गुरख्याला माहीत. माहीत नव्हतं ते फक्त मला. खरी वही त्यांची. माझी वही म्हणजे मला खेळायला दिलेली.

घरी आलो तर ही म्हणाली, चेहरा काहून असा? सांगितलं. मग म्हणे, "एकदा वाचून तं पाहा काय लिवलं थे." तूसुद्धा त्यांच्याच बाजूची, असं ओरडलो तिच्यावर. नको होतं ओरडायला.

१७ फेब्रुवारी

पुंजाजीला ऑफिसात बोलावलं. वही आण म्हटलं. नाही म्हणाला. गेल्या वर्षभरात हा माणूस मला कधी नाही म्हणाला नव्हता. "साहेब, सात नंबरचं जे काही हाय थे मी तोंडी सांगतो. लिवून देतो. एका ओळीत देतो. पन थे वही तुमी नका वाचू."

का नको? "नका वाचू म्हन्तो ना मी."

चोराच्या तोंडून याहून वेगळं काय निघणार? माझ्याविषयी काय काय लिहून ठेवलं असेल. टिंगल केली असेल. मी त्याच्या नोंदी खोडल्या, पण समोर खोडल्या, नाव घालून. याच्यासारखं पाठीमागे काही केलं नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

शेठकडे गेलो. सगळं सांगितलं. बनावट ओळी, दुसरी वही, चंपाबाईचा खांदा. बोलता बोलता आवाज चढला आणि तोंडातून निघून गेलं: शेठ, एक तर पुंजाजी, नाहीतर मी.

शेठनी दौलतरावाला दम दिला आणि सोडलं. त्याच्यावाचून प्रेस चालत नाही, हे त्यांनाही ठाऊक. पुंजाजीला समोर उभं केलं. "एक जिन में दो-दो वही? उद्या सरकारी मानूस आला, चंपाबाईचं विचारलं, तं मी कोनती वही दाखवू? काहून ठेवली दुसरी?"

पुंजाजीनं माझ्याकडे पाहिलं. मग शेठकडे वळून म्हणाला, "लिवाची हौस होती, शेठ."

एवढंच. एवढं सगळं झाल्यावर उत्तर काय, तर हौस होती! तिथल्या तिथे काढून टाकलं त्याला. ऐन हंगामात. शेठच्या हुकमावरून त्यानं पेटी उघडून वही काढली आणि टेबलावर ठेवली. शाळेच्या पोरांची असते तशी, दोरीनं बांधलेली. तो सायकल फाटकातून बाहेर नेत असताना बायांनी मशिनी सोडल्या आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. मी कामावर जा म्हटलं नाही.

जे झालं ते योग्य झालं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

जिनमध्ये माझ्याशी कोणी बोलत नाही. विचारलं तर "हो जी", "नाही जी". चारचा चहा एकट्यानं ऑफिसात. दौलतराव पायरीवर बसलेला दिसतो. तोही एकटाच.

मी काय वाईट केलं यांचं? यांच्याच मशिनी धड राहाव्या म्हणून जीव आटवला. आणि महिनाभर सगळ्यांनी मिळून मला मूर्ख बनवलं, तरी दोषी मीच!

ती वही पिशवीत घालून घरी आणली आहे. फडताळात टाकली. हात लावायची इच्छा नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

अकरा नंबर बंद पडली. पुंजाजीच्या जागी आलेल्या फिटरला काही कळेना. शेवटी घरी येऊन ती वही काढली. मागून उघडली, म्हटलं अकरा नंबरपुरतं पाहावं.

सापडलं. "अकरा नंबर थंडीत चालू करताना पट्टा डावीकडे पडते. पुलीले थोडी झीज हाय. नवी मागाची. तोवर खाली चामड्याचा तुकडा घाला, दोन बोटं." दोन बोटं रुंद तुकडा घातला. चालू झाली.

सात नंबरही सापडली. ५ जानेवारीचं मी खोडलेलं सगळं तिथं आहे, 'पाहू'सकट. पुढे १० जानेवारीला: "सात नंबरचं बेअरिंग जाते असं वाटते. साहेबाले तोंडी सांगतलं. म्हणे वहीत लिव, एका ओळीत. ओळ लिवली तं नट म्हून लिवाची का बेअरिंग म्हून? बेअरिंग पाह्याले मशीन खोलाव लागते. खोलाले साहेबाचा हुकूम लागते." त्यानंतर रोज एक वाक्य, आवाज वाढला, आवाज वाढला. ९ फेब्रुवारीला: "साहेबानं सात नंबर उद्या खोलाले सांगतली. मी लग्नाले हाय. कोनीतरी बेअरिंग पाहा रे."

कोणी पाहिलं नाही. झाकण काढलं, साफ केलं, लावलं. मी तिथंच उभा होतो.

माझी चूक आहे, लिहितो इथं. आवाजाचं ऐकायला हवं होतं. पण म्हणून दुसरी वही चोरून ठेवायची? माझ्याशी भांडायचं होतं. शेठकडे जायचं होतं. मला समोरासमोर मूर्ख म्हणायचं होतं. अजून तेच सलतं. मला माणसात धरलं नाही त्यांनी.

२६ फेब्रुवारी

रोज थोडी थोडी वाचतो आहे, मागून पुढे. टिंगल कुठे सापडली नाही. एका ठिकाणी फक्त, "साहेब आज खूश दिसले." जिथं जिथं मी तांबडी रेघ ओढली ते सगळं दुसऱ्या दिवशी तिथं उतरलेलं आहे. काही पानांवर भागिरथाबाईनं सांगितलेलं, काही ठिकाणी हमालांनी. "हे भागिरथाबाई सांगते" असं लिहून मग लिहिलं आहे. कोण काय म्हणालं, कोणाला काय वाटलं, कशाची शंका आली. नमुना कुठेच नाही, आणि कोणती मशीन कशी आहे ते मला दोन संध्याकाळींत समजलं.

ही पाट ठेवता ठेवता विचारून गेली, "त्याच्या घरी कोन कोन हाय?" मला माहीत नाही. वर्षभर त्याला ओळखतो आणि मला माहीत नाही.

२९ फेब्रुवारी, रविवार

पहिलं पान तेवढं राहिलं होतं. ते आज वाचलं. अक्षर पुंजाजीचं, तारीख ४ डिसेंबर ७४.

"तीन नंबरच्या मशीनची सुरी नव्या साहेबानं सोता बसवली. लय दाबून बसली. रोलर तापला, रुई करपली, धूर निघाला. भागिरथाबाईले वास आला म्हून निभलं, नाहीतं सारी जिन गेली असती. साहेब जेवाले गेले होते. मी सुरी सैल केली. त्यायच्या वहीत लिवलं तं शेठ त्यायले ठेवत नाही, महिनाच झाला येऊन. नाही लिवलं तं उद्या कोनी पुन्हा तशीच बसवन. म्हून ही वही काढली. साहेबाले दाखवाची नाही."

खाली दौलतरावाची सही. बायांचे अंगठे. चंपाबाईचाही आहे.

माझी वही काढून तीच तारीख पाहिली. माझ्या हातची ओळ आहे: मशीन ३ – सुरी बसवली – जुनी झिजली होती – गावंडे.

उद्या सकाळी शेठकडे जाऊन हे पान त्यांच्यासमोर ठेवतो. तिथून धनजला.